हरणांसाठी आणि पक्ष्यांसाठी एकच सेमी-ऑटो शॉटगन: आधी नळीचा विचार करा

ओहायोतील कोलंबसजवळ राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ग्रीनकार्ड मिळाल्यानंतर त्यांनी शिकारी प्रशिक्षणाचा वर्ग पूर्ण केला. मागचा हंगाम त्यांनी मित्राच्या उसन्या पंप शॉटगनवर काढला आणि आता त्यांना स्वतःची, आयुष्यभर पुरेल अशी उत्तम सेमी-ऑटो (म्हणजे प्रत्येक गोळीनंतर पुढचे काडतूस आपोआप भरणारी) शॉटगन घ्यायची आहे. नोव्हेंबरअखेर सहकाऱ्याच्या शेतावर हरणे, त्याआधी सरकारी शिकारक्षेत्रात फेझंट (कोंबडीसारखा रानपक्षी) आणि वर्षातून दोन-तीनदा ईरी सरोवराकडे बदके, असा त्यांचा बेत आहे. खर्चाची मर्यादा दोन हजार डॉलरच्या आसपास आहे. बेनेली सुपर ब्लॅक ईगल ३, बेरेटा ए४०० एक्स्ट्रीम प्लस आणि ब्राउनिंग मॅक्सस २ या तिघींपैकी कोणती घ्यावी, असे त्यांनी विचारले आहे. आपली उंची ५ फूट ५ इंच असून जाड कोट घातल्यावर उसनी बंदूक खांद्याला अडकत असे, हेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे.

मी एकोणीस वर्षे ओहायोत शिकार करतो आहे आणि त्यांपैकी बरीच वर्षे नवशिक्यांच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की आपण नावे दिलेल्या तिन्ही बंदुका चांगल्या आहेत, आणि त्यांपैकी एखादी घेतल्यामुळे शिकार हुकली असे होणार नाही. शिकार हुकते ती बंदूक अंगाला न बसल्यामुळे, किंवा एकाच नळीकडून दोन विरुद्ध कामांची अपेक्षा केल्यामुळे. म्हणून कोणती कंपनी हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. खरा प्रश्न असा आहे की हरीण आणि पक्षी ही दोन कामे एका बंदुकीत कुठवर मावतात.

मराठीत आपण दोन्हींना नेम धरणेच म्हणतो, पण या दोन क्रिया वेगळ्या आहेत. उडत्या फेझंटवर बंदूक चालवताना नजर पक्ष्यावर असते. नळीच्या टोकाचा मणी दिसलाच तर धूसर दिसतो, हात पक्ष्याच्या वाटेने फिरत राहतात आणि फिरत असतानाच चाप ओढला जातो. पुढे छर्ऱ्यांचा झोत जातो, त्यामुळे दोन-चार इंचांची चूक खपून जाते. हरणाच्या बाबतीत मात्र एकच अखंड स्लग जातो, साधारण एक औंस वजनाचा. त्याला स्थिर नेम, स्थिर गाल आणि सावकाश ओढलेला चाप लागतो. तेथे चार इंचांची चूक म्हणजे जखमी होऊन झाडीत निघून गेलेले जनावर, आणि ते टाळणे ही शिकाऱ्याची पहिली जबाबदारी आहे. पक्ष्यांची बंदूक फिरती आणि हलकी हवी, तर हरणांची जड आणि स्थिर हवी. ही ओढाताण कोणतीही कंपनी पूर्णपणे मिटवू शकलेली नाही.

आता ओहायोचा कायदा पाहू, कारण निम्मा निर्णय तोच करतो. येथे हरणांवर छर्रे चालवता येत नाहीत. शॉटगन वापरायची तर दर नळीत एकच गोळी किंवा एकच स्लग, आणि बंदुकीत एकूण तीनहून अधिक काडतुसे नकोत. इतर काही राज्यांत हरणांसाठी बकशॉट म्हणजे मोठे छर्रे चालतात, त्यामुळे तिकडच्या लोकांचे सल्ले ऐकताना ते कोणत्या राज्यातून बोलत आहेत हे आधी विचारून घ्यावे. दुसरी गोष्ट अशी की २०१४ पासून ओहायोत सरळ कवचाच्या (गोळीच्या बाजूला मान नसलेल्या) काडतुसांच्या रायफली हरणांसाठी चालतात. त्यामुळे पूर्वी शॉटगन ही जवळपास सक्तीची होती, तशी आता राहिलेली नाही. मी शिकायला लागलो तेव्हा हा पर्याय नव्हता, म्हणून माझ्या पिढीचे लोक शॉटगनचाच विचार आधी करतात. आपण तसा करण्याचे कारण नाही.

शॉटगनच वापरायची असेल तर स्लग दोन प्रकारांनी चालवता येतो. पहिला प्रकार म्हणजे पक्ष्यांसाठी असते तीच गुळगुळीत नळी, तिच्यात मोकळा चोक (छर्ऱ्यांचा पसारा ठरवणारा नळीच्या टोकाचा अरुंद भाग) आणि बाहेरून आटे असलेला साधा शिशाचा स्लग. येथे चोक सिलिंडर किंवा इम्प्रूव्ह्ड सिलिंडर असावा. फुल चोकमधून स्लग चालवू नये. केवळ मण्यावर नेम धरून मी या पद्धतीने ५० यार्डांच्या पुढे हरणावर चाप ओढत नाही. नळीवर छोटी रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी) दुर्बीण बसवली आणि सराव चांगला असला, तर ७५ यार्डांपर्यंत विश्वास ठेवता येतो. दुसरा प्रकार म्हणजे आतून आटे पाडलेली वेगळी रायफल्ड नळी आणि तिच्यासाठीचे सॅबो स्लग, ज्यांत प्लास्टिकच्या वेष्टनात बारीक गोळी असते आणि नळीबाहेर पडताच वेष्टन गळून पडते. अशी नळी आणि नळीलाच जोडलेल्या पट्टीवर बसवलेली दुर्बीण असेल, तर १०० ते १५० यार्डांपर्यंत नीट गट पडतो, म्हणजे गोळ्या एकमेकींजवळ लागतात. दुर्बीण नळीला जोडलेली असणे महत्त्वाचे आहे, कारण नळी काढून पुन्हा बसवली तरी दोघींचे नाते बदलत नाही. सॅबो स्लग गुळगुळीत नळीतून चालवू नयेत. त्यांना फिरकी मिळत नाही आणि ते कोठेही जातात, शिवाय ते महागही असतात.

यावरून माझा पहिला ठाम सल्ला निघतो. बंदुकीची किंमत विचारण्याआधी त्याच मॉडेलसाठी कारखान्याची रायफल्ड नळी आज प्रत्यक्ष विकत मिळते का, ते विचारा. भरपूर पैसे मोजून सुंदर बंदूक घेतलेल्या आणि मग दुसऱ्या नळीसाठी दोन हंगाम वाट पाहिलेल्या माणसांना मी ओळखतो. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांच्या नळ्याही बहुधा एकमेकींना बसत नाहीत. दुकानदाराचे "मिळून जाईल" हे उत्तर पुरेसे समजू नका. नळी हाती येईल किंवा मागणी नोंदवून पावती मिळेल, तेव्हाच ती आहे असे धरा.

आता यंत्रणेकडे वळू, कारण आपल्या यादीत दोन वेगळ्या जाती आहेत. बेरेटा आणि ब्राउनिंग या वायूवर चालतात. नळीला बारीक छिद्रे असतात, त्यांतून जळालेल्या दारूचा थोडा वायू खाली येऊन दट्ट्याला ढकलतो, आणि दट्ट्या बोल्टला, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या सरकत्या भागाला, मागे नेतो. हे काम काही क्षण चालत असल्यामुळे खांद्यावरचा धक्का पसरतो आणि ठोसा बसण्याऐवजी ढकलल्यासारखे वाटते. बेनेली जडत्वावर चालते. ही कल्पना ब्रुनो चिवोलानी या इटालियन तंत्रज्ञाची, आणि कंपनी १९६७ मध्ये उर्बिनो येथे तिच्यावरच उभी राहिली. चाप ओढल्यावर सगळी बंदूक मागे येते, पण आतील बोल्टचे जड अंग जागच्या जागी राहू पाहते. त्यामुळे त्याच्या आणि बोल्टच्या डोक्याच्या मधली ताठ स्प्रिंग दाबली जाते. नळीतील दाब उतरल्यावर ती स्प्रिंग उलगडते, बोल्टचे डोके फिरून कुलूप उघडते आणि बोल्ट मागे फेकला जातो. वायू नळीतूनच पुढे निघून जातो, म्हणून आत काजळी फार कमी साठते. छिद्रे आणि दट्ट्या नसल्यामुळे पुढचा भाग सडपातळ आणि हलकाही राहतो.

यातून दोन्हींचे गुणदोष आपोआप कळतात. दिवसभर चालायचे असेल, चिखल आणि पाणी असेल, सफाईचा कंटाळा असेल तर जडत्वाची बंदूक बरी. पण तिचा धक्का अधिक जाणवतो आणि तिला मागे यायला मोकळी जागा लागते. दस्ता झाडाला किंवा भिंतीला टेकवून ती चालवली, किंवा बंदुकीलाच बरेच जास्तीचे वजन बांधून हलकी काडतुसे भरली, तर ती अडखळू शकते. स्लगचा धक्का मोठा असल्यामुळे हरणाच्या शिकारीत ही अडचण सहसा येत नाही, ती येते उन्हाळ्यात सरावासाठी हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्यांवर हलकी काडतुसे उडवताना. आणखी एक गोष्ट नव्या माणसाला कोणी सांगत नाही. पहाटे आवाज होऊ नये म्हणून फिरत्या डोक्याचा बोल्ट हाताने हळूच पुढे नेला, तर डोके पूर्ण फिरून कुलूपबंद झालेले नसते आणि चाप ओढल्यावर फक्त टक असा आवाज येतो. बोल्ट नेहमी सोडून द्यावा, त्याला स्वतःच्या जोराने बंद होऊ द्यावे, आणि नंतर तळहाताने बोल्टची मूठ पुढे रेटून खात्री करून घ्यावी.

वायूच्या बंदुकीचे दुखणे वेगळे आहे. माझ्या चौथ्या हंगामात जानेवारीतील एका सकाळी, तापमान शून्य फॅरनहाइटच्या आसपास असताना, माझी वायूवर चालणारी बंदूक पहिल्या गोळीनंतर अर्धवट उघडी राहिली आणि कॅनडा गूज या रानहंसांचा थवा डोक्यावरून निघून गेला. बंदुकीत काहीही बिघाड नव्हता. मी आत घट्ट तेल भरपूर घातले होते, ते काजळीत मिसळून गोठले होते. तेव्हापासून थंडीत मी बोल्टला पातळ तेलाचे जेमतेम दोन थेंब लावतो, दट्ट्या कोरडा पुसून ठेवतो आणि दर दोनशे-अडीचशे काडतुसांनंतर तो उघडून साफ करतो. इतके केले तर वायूची बंदूकही वर्षानुवर्षे तक्रार करत नाही.

आता वजन आणि माप यांविषयी सविस्तर लिहितो, कारण आपल्या बाबतीत निर्णय येथेच होणार आहे. सुपर ब्लॅक ईगल ३ साधारण ७ पौंडांची आहे आणि ए४०० एक्स्ट्रीम प्लस पाऊण पौंडाने जड आहे. पाऊण पौंड म्हणजे काय ते दुकानात कळत नाही, मक्याच्या कापलेल्या शेतातून चार तास चालल्यावर कळते. उलट बदकांच्या आडोशात बसून मोठी काडतुसे उडवताना तेच वजन खांदा वाचवते. आपण फेझंट आणि हरीण यांसाठी अधिक दिवस देणार आणि बदकांसाठी दोन-तीनच, असे लिहिले आहे. मग बदकांच्या बंदुकीला मध्यवर्ती मानून खरेदी का करावी? आपल्या यादीतील तिन्ही नावे मुख्यतः पाणपक्ष्यांच्या शिकाऱ्यांसाठी घडवलेली आहेत. त्यांची साडेतीन इंची चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) हीच त्याची खूण आहे. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाच्या छर्ऱ्यांवर १९९१ पासून देशभर बंदी आहे. त्याऐवजी वापरायच्या पोलादाची घनता शिशाच्या सुमारे सत्तर टक्केच असल्यामुळे छर्रे मोठे घ्यावे लागले, मोठे छर्रे पुरेशा संख्येने मावावेत म्हणून काडतूस लांब झाले, आणि त्या लांब काडतुसासाठी या बंदुका आल्या. आज तीन इंची पोलादी काडतुसे इतकी चांगली मिळतात की मी साडेतीन इंची काडतुसे जवळपास सोडून दिली आहेत. त्यांचा धक्का नवशिक्याला चाप ओढताना डोळे मिटायला शिकवतो, आणि ती सवय मोडायला वर्षे लागतात.

मापाची परीक्षा अशी करा. शिकारीला घालता तोच जाड कोट घेऊन दुकानात जा. परवानगी घेऊन, बंदूक रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, समोर एखाद्या ठिपक्यावर नजर ठेवा. डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा आणि मग डोळे उघडा. मणी नळीवरच्या पट्टीच्या मधोमध आणि ठिपक्याच्या अगदी खाली दिसला, तर दस्ता आपला आहे. पट्टीऐवजी बोल्टची पाठच दिसत असेल तर दस्ता खाली आहे, सगळी पट्टी चढणीच्या रस्त्यासारखी दिसत असेल तर तो वर आहे. हे दहा वेळा करा, कारण पहिल्या दोन वेळी मान आपोआप जुळवून घेते. चाप ते दस्त्याचे मागचे टोक हे अंतर बहुतेक नव्या बंदुकांत सव्वाचौदा-साडेचौदा इंचांच्या दरम्यान असते, आणि ५ फूट ५ इंच उंचीच्या माणसाला कोटासह ते बहुधा लांब पडते. उसनी बंदूक खांद्याला अडकत होती त्याचे कारण हेच असावे. चांगल्या सेमी-ऑटोबरोबर दस्त्याची उंची आणि बाक बदलणाऱ्या चकत्या येतात, आणि काहींना पातळ रबरी गादी लावून लांबीही कमी करता येते. कोणता डोळा प्रबळ आहे हेही तपासून घ्या. उजव्या खांद्यावर बंदूक आणि डावा डोळा प्रबळ, अशी जोडी माझ्या वर्गात दरवर्षी निघते आणि बिचारा माणूस बंदुकीला दोष देत असतो.

हेच माप हरणांच्या वेळी उलटते, हे लक्षात असू द्या. पक्ष्यांसाठी पट्टीवर नजर नेणारा दस्ता दुर्बीण बसवल्यावर खाली पडतो, कारण दुर्बीण पट्टीच्या दीड-दोन इंच वर असते आणि गाल टेकवला तर काहीच दिसत नाही. त्यासाठी दस्त्यावर बांधायची जाड गालपट्टी मिळते. ती स्वस्त असते आणि हंगाम संपल्यावर काढून ठेवता येते. हे न करता मान ताणून नेम धरणाऱ्यांना जड स्लगच्या धक्क्याने भुवईवर दुर्बिणीची कड बसलेली मी पाहिली आहे.

बोअरबद्दल फार लिहीत नाही. आपल्याकडे गावात बारा बोअर हाच बंदुकीला समानार्थी शब्द होता, आणि येथेही एकाच बंदुकीकडून सगळी कामे करून घ्यायची तर १२ गेजच (म्हणजे तीच बारा बोअर) घ्यावी. २० गेज फेझंटला आणि सॅबो स्लगने हरणालाही पुरते, हे खरे आहे. ती एखाद पौंडाने हलकी असते, आणि आपण पाणपक्षी सोडून देणार असाल तर मी तिचीच शिफारस करीन. पण पोलादी छर्रे वापरायचे झाले की १२ गेजचा मोठेपणा उपयोगी पडतो.

चोकच्या बाबतीत मात्र दोन ओळी अधिक. परंपरेने ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात इम्प्रूव्ह्ड सिलिंडर साधारण ५० टक्के छर्रे टाकतो, मॉडिफाइड ६० टक्के आणि फुल ७० टक्के. पोलाद शिशापेक्षा घट्ट जाते, म्हणून पोलादी छर्ऱ्यांबरोबर मी एक पायरी मोकळा चोक लावतो. कुत्र्याने उठवलेल्या फेझंटला इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, लांबून उठणाऱ्याला मॉडिफाइड, बदकांना मॉडिफाइड. कागदावर स्वतः गोळ्या झाडून पाहिल्याशिवाय या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, कारण त्याच चोकमधून दोन कंपन्यांची काडतुसे वेगवेगळी पसरतात.

तर मग मी आपल्या जागी असतो तर काय केले असते? यादी थोडी बदलली असती. तीन इंची चेंबरची, सात पौंडांच्या आसपासची बंदूक पाहिली असती. त्यात जडत्वाच्या बाजूने बेनेली एम२ आणि वायूच्या बाजूने बेरेटा ए४०० एक्स्प्लोर ॲक्शन या दोघी येतात. एम२साठी कारखान्याच्या रायफल्ड नळ्या निघालेल्या आहेत, आपल्याला ती बाजारात मिळाली तर दोन नळ्यांची एक बंदूक हे स्वप्न नीट पुरे होते. नळी मिळाली नाही, तर दोन हजार डॉलर एकाच बंदुकीत न घालता पक्ष्यांसाठी अंगाला बसणारी सेमी-ऑटो घेतली असती आणि उरलेल्या पैशांत हरणांसाठी साधी, एकच काडतूस घेणारी .४५० बुशमास्टर किंवा .३५० लेजंड या सरळ कवचाच्या काडतुसाची रायफल. माझा कल या दुसऱ्या वाटेकडे अधिक आहे. एक फिरती, एक स्थिर, आणि दोन्हींवर आपापली सवय बसते. खांदा दुखरा असेल, पूर्वी दुखापत झालेली असेल, तर जडत्व आणि वायू यांत विचार न करता वायूचीच घ्या. आणि बदकांचे दिवस पुढे वाढून पंधरा-वीस होणार असतील, तर आपल्या मूळ यादीतील ए४०० एक्स्ट्रीम प्लस हीच माझी निवड असेल.

कायद्याच्या दोन गोष्टी, कारण हे उत्तर इतरही वाचतील. आपण ग्रीनकार्डधारक आहात, त्यामुळे संघराज्याच्या कायद्याची अडचण येत नाही. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना मात्र बंदूक बाळगण्यास सर्वसाधारण मनाई आहे. अमेरिकेतील राज्याने दिलेला वैध शिकार परवाना हा तिला असलेला एक अपवाद आहे, म्हणून परवाना हातात येण्याआधी मित्राची बंदूकही उचलू नये आणि परवान्याची मुदत संपू देऊ नये. दुसरी गोष्ट बदकांची: स्थलांतरी पक्ष्यांवर जाताना बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे मावता कामा नयेत. त्यासाठी मॅगझीनमध्ये (नळीखालच्या काडतुसांच्या साठ्यात) लाकडी किंवा प्लास्टिकची दांडी घालावी लागते. सोळा किंवा अधिक वर्षांच्या प्रत्येकाला पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी फेडरल डक स्टॅम्प हे संघराज्याचे तिकीटही लागते. नवी बंदूक घेतल्यावर दांडी आत आहे की नाही ते स्वतः मॅगझीनमध्ये तीन डमी काडतुसे भरून पाहा, तिसरे आत जाता कामा नये.

बंदूक शक्यतो उन्हाळ्याच्या सुरुवातीला घ्या. जून ते ऑगस्ट मातीच्या तबकड्यांवर पाचशे काडतुसे उडवा, म्हणजे १ सप्टेंबरला होल्यांचा हंगाम उघडेल तेव्हा बंदूक खांद्याला आपणहून येईल. ऑक्टोबरअखेर, फेझंटचा ऐन हंगाम सुरू होण्याआधी, एक शनिवार फक्त स्लगसाठी ठेवा. पिशवीवर टेकवून ५० यार्डांवर नेम बसवा, मग १०० वर गट पाहा, आणि ज्या काडतुसाने गट बसला त्याच काडतुसाच्या चार-पाच पेट्या त्याच दिवशी घेऊन ठेवा. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी हरणांचा आठवडा सुरू होतो, आणि त्याच्या आदल्या शनिवारी दुकानात नेमकी तीच पेटी शिल्लक नसते.